अंधार, आवाज आणि आजीची खोली



भयपट हा आरोग्यविषयक सदराचा विषय कसा, असे आपणांस वाटेल. काही महिन्यांपूर्वी मलाही तसेच वाटले असते. परंतु एका आजींनी मला हा विषय शिकवला, आणि तो ज्येष्ठांच्या व त्यांची सेवा करणाऱ्यांच्या इतका उपयोगाचा निघाला, की आजचे सदर मी त्यालाच देत आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या या आजींना त्यांच्या सूनबाई दवाखान्यात घेऊन आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आजींचे सारे आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेले. तक्रार अशी, की रात्री खोलीच्या कोपऱ्यात एक उंच माणूस उभा राहतो; बोलत नाही, जवळ येत नाही, नुसता पाहत राहतो. आजी ओरडून उठतात, सारे घर जागे होते, दिवा लावला की माणूस नाहीसा होतो. नऊ वर्षांच्या धाकट्या नातवाने आजीच्या खोलीत झोपणे सोडून दिले होते. शेजारच्या बाईंनी ‘बाहेरचं काही आहे का, ते एकदा बघून घ्या’ असा सल्लाही दिला होता.

मी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली आणि झोपेची अर्धी गोळी लिहून दिली. बाहेर रुग्णांची रांग होती. आज कबूल करतो, की ती गोळी मी जितकी आजींसाठी लिहिली, तितकीच त्या रांगेसाठी लिहिली.

आठ दिवसांनी सूनबाई एकट्याच आल्या. गोळीच्या गुंगीत आजी रात्री लघवीला उठल्या आणि तोल जाऊन भिंतीवर आदळल्या. हाड मोडले नाही, हे नशीब. कोपऱ्यातला माणूस मात्र रोज येतच होता. सूनबाई म्हणाल्या, “डॉक्टर, दवाखान्यात तुम्हाला काही कळणार नाही. एकदा रात्री घरी येऊन बघाल का?”

मी गेलो. रात्रीचे पावणेअकरा झाले होते. बाहेरच्या खोलीत टीव्हीवर भयपट लागला होता; मुलगा आणि मोठा नातू तो पाहत होते. मधले दार अर्धे उघडे. आत पलंगावर आजी, डोक्यामागच्या भिंतीवर निळा झिरो बल्ब, पायांच्या दिशेला लोखंडी कपाट आणि कपाटाच्या दाराला उभा आरसा. समोरच्या खुंटीवर मुलाचा रेनकोट टांगलेला होता; तो आरशात दिसत होता. टीव्हीवरचे दृश्य बदलले, की प्रकाश बदले, आणि आरशातला रेनकोट हलल्यासारखा वाटे. मी चष्मा काढला आणि आजींच्या उशाशी, त्यांच्या डोक्याच्या उंचीवर पाच मिनिटे बसलो. मलाही तो माणूस दिसला.

त्या खोलीत, कोणाच्याही मनात नसताना, भयपटाचा दिग्दर्शक जे जे योजून करतो ते ते सारे जमून आले होते. माणसाचे डोळे, कान आणि मन कशाने घाबरतात, याचा अभ्यास या मंडळींनी शंभर वर्षे केला आहे. तो अभ्यास आपण उलटा वाचला, तर म्हातारपणी घरातली रात्र निर्धास्त कशी करावी, हे समजते. म्हणून त्यांची तंत्रे एकेक करून पाहू.

पहिले तंत्र : अंधार

आपल्यापैकी अनेकांनी ‘महल’ पाहिला असेल. बॉम्बे टॉकीजचा १९४९ सालचा चित्रपट, कमाल अमरोही यांचे पहिले दिग्दर्शन, अशोककुमार आणि मधुबाला. कॅमेरा जोसेफ वर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराचा. या चित्रपटात भयानक चेहरा नाही की रक्त नाही. आहे तो मोठा वाडा, हलणारा झोका, विझत चाललेले दिवे आणि लांबच लांब सावल्या. प्रेक्षकाला अर्धेच दाखवायचे, उरलेले अर्धे त्याचे त्याला भरू द्यायचे, हे त्यातले मर्म. आपला मेंदू रिकामी जागा रिकामी राहू देत नाही; आणि अंधारातील जागा भरताना तो सर्वांत आधी माणसाचा आकार शोधतो.

आता हेच म्हातारपणाच्या डोळ्यांना लावून पाहा. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर आणि गढूळ होते. साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावण्यास तरुणांनाही बराच वेळ लागतो. ज्येष्ठांना त्याहून अधिक. त्यात मोतीबिंदू असेल, तर दिव्याभोवती वलय दिसते आणि बाकीचे सारे धूसर. म्हणजे ज्या खोलीत सूनबाईंना ‘थोडासा अंधार’ दिसतो, त्याच खोलीत सासूबाईंना ‘महल’ दिसत असतो.

झिरो बल्बविषयीही एक गोष्ट सांगतो. रामसे बंधूंचे चित्रपट आठवतात का? १९७२ मध्ये ‘दो गज ज़मीन के नीचे’ हा त्यांचा भयपट आला. महाबळेश्वरला त्याचे चित्रीकरण झाले आणि पुढे या कुटुंबाने भयपटांची रांगच लावली. त्यांच्या वाड्यांत धुक्यातून लाल, निळा, हिरवा प्रकाश येत असे. आपल्या घरांतील झिरो बल्बही बहुधा याच तीन रंगांचे असतात! रंगीत आणि मंद प्रकाशात वस्तूंच्या कडा नीट कळत नाहीत आणि चेहरे ओळखू येत नाहीत.

उपाय साधा आहे. ज्येष्ठांच्या खोलीत रात्री पिवळसर-पांढरा, सौम्य दिवा ठेवावा. तो डोक्यामागे उंचावर नको. जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट उजळेल असा असावा. मुख्य दिव्याचे बटण किंवा टॉर्च उशाशी हाताला लागेल अशी ठेवावी. वीज जाते तेव्हा आपोआप लागणारा दिवा मिळतो, तो घ्यावा. खुंटीवरचे कपडे संध्याकाळीच उचलावेत आणि आरशावर रात्री चादर टाकावी. सोलापुरात चादरींना काय तोटा!

दुसरे तंत्र : आवाज

‘महल’मधील लताबाईंचे गाणे दुरून जवळ येत जाते. त्या काळी आवाज असा सरकवण्याची यंत्रे नव्हती. लताबाई ध्वनिग्राहकापासून लांब उभ्या राहून, गात गात हळूहळू त्याच्या जवळ आल्या आणि तो परिणाम साधला गेला. गाणारी दिसत नाही, आवाज मात्र जवळ येतो. त्या न दिसण्यानेच अंगावर काटा येतो.

याच्या उलट तंत्र म्हणजे दचकवणे. १९४२ च्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकन चित्रपटात एक स्त्री रात्री एकटी रस्त्याने चालते. पाठलाग होत असल्याचा संशय, पावलांचे आवाज, मग पूर्ण शांतता. आणि एकाएकी कर्कश आवाज करीत समोर बस येऊन थांबते. भूत नाही, पिशाच्च नाही, साधी बस. तरीही प्रेक्षक खुर्चीतून उडाले. शांतता लांबवायची आणि मग ती फाडायची, ही युक्ती तेव्हापासून आजवर चालू आहे.

आता कानांचे पाहू. वयाने किंवा मागाच्या खडखडाटाने ऐकू येणे कमी होते, तेव्हा बहुधा आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ, त ही अक्षरे निसटतात, म्हणून बोलणे ऐकू येते पण कळत नाही. खर्जातील घुमणारे आवाज मात्र टिकून असतात. भयपटाचे पार्श्वसंगीत याच खर्जातल्या घुमण्यावर उभे असते. परिणाम काय? बाहेरच्या खोलीतील टीव्हीवर ‘हे सारे नाटक होते’ असा उलगडा करणारा संवाद आजींपर्यंत पोहोचत नाही. घुमणारी भीती तेवढी भिंतीतून पोहोचते. त्यांना प्रश्न मिळतो, उत्तर मिळत नाही.

आणखी एक बाब. कानाच्या आतल्या भागाचा दोष असेल, तर हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज एकदम असह्य मोठा वाटतो. म्हणूनच “अहो, जरा मोठ्यानं बोला” म्हणणारे आजोबा क्षणात “ओरडताय कशाला!” म्हणतात. तो स्वभावाचा दोष नाही, कानाचा आहे. टीव्हीवरची किंकाळी त्यांना आपल्यापेक्षा अधिक जोराने बसते.

म्हणून ज्येष्ठांच्या झोपेच्या वेळी भयपट पाहायचाच असेल, तर दार लावून घ्यावे किंवा हेडफोन वापरावेत. ज्येष्ठ स्वतः पाहत असतील, तर श्रवणयंत्र लावून आणि पडद्यावर अक्षरे उमटण्याची सोय चालू करून पाहावे. मोठे-लहान आवाज एका पातळीवर आणण्याची सोय पुष्कळ टीव्हींत असते. घरातील मुलांकडून ती लावून घ्यावी.

तिसरे तंत्र : चौकटीबाहेरून येणारा

पडद्याच्या चौकटीत जे दिसते त्याची भीती मर्यादित असते. चौकटीबाहेर काय आहे, याची अमर्याद. म्हणून दिग्दर्शक पात्राला एका कडेला उभे करतो आणि त्याच्या पाठीमागची जागा मोकळी ठेवतो. आपण पात्राकडे न पाहता त्या मोकळ्या जागेकडे पाहू लागतो. मग कधी खांद्यावर हात पडतो, कधी आरसा बंद होताच मागे कोणी उभे दिसते.

काचबिंदूमुळे कडेची नजर गेलेल्या रुग्णाला जग अशाच अरुंद चौकटीतून दिसते. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचेही लक्ष समोरच्या लहानशा भागापुरतेच असते. आपण मागून किंवा बाजूने येऊन “चला, औषध घ्या” म्हणत दंड धरतो, तेव्हा आपण प्रेमाने आलेलो असतो. त्यांच्या दृष्टीने मात्र चौकटीबाहेरून अचानक एक हात आलेला असतो. मग त्या हात झटकतात, कधी फटकाही मारतात, आणि आपण ‘आई चिडखोर झाल्या’ असा निष्कर्ष काढतो.

सेवा करणाऱ्यांनी इतके पाळावे : समोरून यावे. दारातच नाव घेऊन हाक मारावी, “आई, मी आलेय बरं का.” त्यांची नजर आपल्या चेहऱ्यावर स्थिर होईपर्यंत थांबावे. बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलावे आणि मगच स्पर्श करावा. याला अर्धा मिनिट जास्त लागतो, परंतु पुढची अर्ध्या तासाची ओढाताण वाचते.

चौथे तंत्र : वाड्यातले भूत घरात आणणे

मी शाळेत असताना ‘पुराना मंदिर’ आला, १९८४ साली. सोलापुरातल्या एका चित्रपटगृहात तो पाहून रात्री सायकलवरून घरी आलो, तेव्हा मागे वळून पाहण्याचा धीर झाला नव्हता. पण घराचे दार लावले आणि भीती संपली. कारण ते भूत दूरच्या हवेलीतले होते, आणि आमच्याकडे हवेली नव्हती!

पुढे दिग्दर्शकांनी ही सोयच काढून घेतली. रामगोपाल वर्मा यांच्या २००३ च्या ‘भूत’मध्ये हवेली नाही; मुंबईतील एका उंच इमारतीतला साधा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, टीव्ही आहे. २०१६ मध्ये झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, तेव्हा कोकणातील नाईकांचा वाडा रात्री साडेदहाला घराघरांत येऊन बसला. दुसऱ्या पर्वातील माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक कित्येकांना घरातल्याच माणसासारखे ओळखीचे झाले. ओळखीचे जाजम, ओळखीचे जेवणाचे ताट, ओळखीची माणसे, आणि त्यांतच काहीतरी बिघडलेले. हीच या मालिकेची ताकद.

निरोगी मन टीव्ही बंद करते आणि हा खेळ संपवते. स्मृतिभ्रंशात नेमकी हीच सीमारेषा पुसट होते. पडद्यावरील माणूस खोलीत आला आहे, असे काही रुग्णांना खरोखर वाटते; आरशातील आपलीच प्रतिमा परकी वाटते. ज्यांच्या बाबतीत अशी शंका आहे, त्यांच्यासमोर सूर्यास्तानंतर भयपट, मारामारी, इतकेच काय, आरडाओरडीच्या चर्चाही नकोत. जुनी गाणी लावा, कीर्तन लावा, किंवा टीव्ही बंद करून शेंगा सोलायला द्या. हात कामात असले की मन भरकटत नाही.

पाचवे तंत्र : म्हातारीलाच भूत करणे

हे तंत्र मला सर्वांत अधिक खुपते. पांढरे मोकळे केस, वाकलेली पाठ, काठीचा ठकठक आवाज, मागची बंद खोली, रात्रीचा खोकला; भयपटाने हा साचा जगभर वापरला. राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा ‘तुंबाड’ हा अलीकडचा फार समर्थ चित्रपट. १९१८ सालचा पावसात भिजलेला तुंबाड गाव, आणि घरात कोंडून ठेवलेली एक भयानक वृद्धा. धाकटा भाऊ झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन जाते, आणि घरी एकट्या राहिलेल्या मुलावर त्या वृद्धेला खाऊ घालण्याची वेळ येते. चित्रपट म्हणून तो प्रसंग विलक्षण आहे. पण मी डॉक्टर म्हणून पाहत होतो, आणि मला त्यात एक ओळखीचे घर दिसले. आजारी वृद्धा, एकटे पडलेले लहान मूल, आणि ‘तिला भरवायचे आहे’ ही जबाबदारी. भुताचा भाग वजा केला, तर हे आपल्या गल्लीत कुठेही घडत असते.

वास, जखम, विचित्र बोलणे, रात्रीचे ओरडणे यांची भीती सेवा करणाऱ्यांनाही वाटते. मोठी माणसेही घाबरतात. फक्त सांगत नाहीत. ती भीती वाटण्यात पाप नाही. पण ती बोलली गेली नाही, तर हळूहळू दार बंद होते, ताट उंबऱ्यावरून आत सरकवले जाते, आणि आपल्याच माणसाचे भूत होते. या टप्प्यावर ‘बाहेरचं’ पाहणारे कोणी गाठ पडले, तर अनर्थ होतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे लक्षात असू द्यावे.

भास : कधी थांबावे, कधी धावावे

त्या रात्री आजींनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी घरात कोणालाच सांगितली नव्हती. संध्याकाळी रंगीत कपड्यांतली लहान मुले भिंतीजवळ येऊन बसतात. गप्प असतात, त्रास देत नाहीत. “मला येडं म्हणतील म्हणून बोलले नाही,” त्या म्हणाल्या.

रेनकोटचा माणूस वाटणे वेगळे आणि काहीच नसताना मुले दिसणे वेगळे. पहिल्यात वस्तू असते, ती चुकीची वाचली जाते. दुसऱ्यात वस्तूच नसते. पण दुसरे म्हणजेही वेड असे नाही. स्वित्झर्लंडमधील शार्ल बोने या निसर्गशास्त्रज्ञाने १७६० मध्ये आपल्या आजोबांची हकिगत लिहून ठेवली. मोतीबिंदूने नजर गेलेल्या, परंतु बुद्धीने शाबूत असलेल्या त्या आजोबांना माणसे, पक्षी, इमारती दिसत. आणि त्या खऱ्या नाहीत, हे त्यांना कळत असे. डोळ्यांकडून पुरेशी चित्रे येईनाशी झाली, की मेंदू स्वतःच चित्रे तयार करतो. या अवस्थेला आज बोने यांचेच नाव आहे. पुष्कळ ज्येष्ठ ही गोष्ट लाजेने लपवतात. कृपया लपवू नका.

मात्र पुढील खुणा दिसल्या, तर वाट पाहू नये. कालपर्यंत ठीक असलेली व्यक्ती एक-दोन दिवसांत भ्रमिष्टासारखी बोलू लागली, तर लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, साखर घसरणे, शरीरातील पाणी कमी होणे किंवा नवीन औषध हे कारण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आपल्या उन्हाळ्यात तर हे विशेष जपावे. सर्दीच्या किंवा खाजेच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून ज्येष्ठांना देऊ नयेत; त्यांनीही भास होतात. भासांबरोबर चाल मंदावणे, हातपाय ताठरणे, झोपेत हातवारे करणे असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आणि भास होत असताना काय बोलावे? “काही नाही तिथं, उगाच काहीतरी!” असे दटावू नये. “हो, मलाही दिसतोय” असेही म्हणू नये. म्हणावे, “आई, मला तो दिसत नाही, पण तुम्हाला भीती वाटतेय ते कळतंय. मी इथंच बसते. चला, दिवा लावू.”

मग भयपट पाहावा की नाही?

आवडत असेल तर अवश्य पाहावा. सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतील आकाशपाळण्यात आपण मजेने किंचाळतो, कारण पाळणा खाली येणार, हे ठाऊक असते. भयपटाची मौज तीच. ‘रक्त गोठवणारा चित्रपट’ असे आपण म्हणतो. नेदरलँड्समधील लायडन येथील डॉक्टरांनी हा वाक्प्रचार चक्क तपासून पाहिला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात २४ निरोगी तरुणांना भयपट आणि माहितीपट दाखवले. भयपटानंतर रक्त गोठण्यास मदत करणारा एक घटक वाढला, परंतु गाठी प्रत्यक्षात तयार झाल्या नाहीत. अर्थात ती तरुण, निरोगी माणसे होती.

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, छातीत वारंवार दुखणाऱ्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसणाऱ्यांनी हा खेळ टाळावा. अचानक धक्क्याने, भीतीने किंवा दुःखाने हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक विकार जपानमध्ये १९९० मध्ये प्रथम नोंदला गेला. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो अधिक दिसतो. तो क्वचितच होतो, म्हणून धास्ती नको. पण त्याची लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असतात. छातीत दुखणे, घाम, धाप यांना ‘घाबरल्यामुळं झालं असेल’ असे म्हणून बसू नये; १०८ क्रमांकावर फोन करावा.

बाकीच्यांनी भयपट दुपारी, खोलीत उजेड ठेवून, कोणाच्या तरी सोबतीने पाहावा. नंतर चहा घेत त्यावर बोलावे. ‘इथं आवाज कसा बंद केला’, ‘इथं मागची जागा कशी मोकळी ठेवली’, असे नातवंडांबरोबर शोधत गेले, की भीतीचे कोडे होते. ‘महल’च्या शेवटी ते भूत म्हणजे माळ्याची मुलगी निघते, हे आठवावे. रात्री मात्र लगेच अंथरुणाला पाठ टेकू नये, आणि उठताना आधी मिनिटभर पलंगावर बसून मगच उभे राहावे. भुताने कोणी मेल्याचे मी पाहिलेले नाही. अंधारात पडून खुब्याचे हाड मोडलेले मात्र पुष्कळ पाहिले आहेत.

आजींचे पुढे काय झाले, ते सांगतो. झोपेची गोळी मी बंद केली. त्या सर्दीसाठी स्वतःच घेत असलेली एक गोळीही बंद झाली. रेनकोट बाहेर गेला, कपाट फिरवले, निळा बल्ब निघाला आणि भिंतीच्या तळाशी सौम्य दिवा लागला. कोपऱ्यातला माणूस दुसऱ्या रात्रीपासून आला नाही. एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. श्रवणयंत्र आणले आहे. ते डबीतच अधिक असते.

भिंतीजवळची मुले पूर्णपणे गेलेली नाहीत, अधूनमधून येतात. पण आता घरात सर्वांना ती ठाऊक आहेत. गेल्या आठवड्यात मी तपासायला गेलो, तेव्हा धाकटा नातू आजींच्या पलंगावर गृहपाठ करीत बसला होता. संध्याकाळ झाली, त्याने उठून दिवा लावला आणि सहज विचारले, “आजी, आज किती आलेत?”

आजी भिंतीकडे पाहून म्हणाल्या, “दोनच.”

“बरं,” तो म्हणाला आणि पुन्हा गणित करू लागला.